मदत हवी आहे: क्लोन केलेल्या एसएसडीवरून संगणक सुरू होत नाही

घरच्या संगणकातील १ टीबीची जुनी हार्ड डिस्क फारच मंदावल्यामुळे तिच्यावरील सर्व काही जसेच्या तसे ५०० जीबीच्या नव्या एसएसडीवर उतरवून घ्यायचे मी ठरवले. प्रत्यक्ष माहिती जेमतेम २१० जीबी असल्याने जागेची अडचण नव्हती. मात्र दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा क्लोनिंग (ही हुबेहूब प्रत काढणे) ६३ टक्क्यांवर 'सेक्टर वाचता येत नाही' असा संदेश देऊन थांबले, आणि डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) पाहिला तेव्हा पेंडिंग सेक्टरांची, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या भागांची, संख्या १६ दिसली. शेवटी खराब सेक्टर वगळण्याचा पर्याय निवडला आणि क्लोन पूर्ण झाला, तोही रात्रभर चालून.

आता जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली की काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याची एकच ओळ येते. गंमत म्हणजे तीच एसएसडी यूएसबीने दुसऱ्या संगणकाला जोडली असता फायली व्यवस्थित उघडतात.

जुनी डिस्क एमबीआर (डिस्कचे विभाग नोंदवण्याची जुनी पद्धत) पद्धतीची आहे, नवी मात्र मी आधीच जीपीटी (तीच नोंद ठेवण्याची नवी पद्धत) करून ठेवली होती, आणि बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होण्याचा, पर्याय चालू आहे. लेगसी पद्धतीत जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू होत नाही, त्यामुळे माझा संशय इथेच आहे.

एसएसडीवर ईएफआय विभाग (सुरू होण्यासाठीच्या फायलींचा छोटा विभाग) तयार करून, बीसीडीबूट (त्या फायली तिथे लिहिणारी विंडोजची आज्ञा) चालवून बायोस यूईएफआयवर (सुरू होण्याच्या नव्या पद्धतीवर) न्यावा, की एसएसडी एमबीआर करून पुन्हा क्लोन करावा? दुसऱ्या मार्गात आजारी डिस्क पुन्हा पूर्ण वाचावी लागेल, याची धास्ती वाटते. फोटो आणि कागदपत्रांची वेगळी प्रत घेतलेली आहे. हा अनुभव घेतलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.