फ्लेक्सची भिंत

खिळेमोळे:
परवा इथं, आपल्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर, कुणीतरी सल्ला दिला, 'फ्लॅट, म्हणजे चौकटीवर कापड ताणून केलेल्या नाटकातल्या भिंती, रंगवण्यात रात्री घालवू नका. दिवाणखान्याचा फोटो फ्लेक्सवर छापून टांगा, नेपथ्य तयार.' तेव्हापासून डोकं ठणकतंय. भिया, फ्लेक्स चकाकतो. समोरून दिवा पडला की भिंतीच्या मधोमध पांढरा डाग. फोटोतल्या खिडकीचा उजेड डावीकडून, आपला स्पॉटलाइट उजवीकडून. पंख्याचा वारा लागला की अख्खा दिवाणखाना डुलतो. मांजरपाट ताणून, सरस फिरवून वर डिस्टेंपर मारा, तो उजेड पितो. चित्रकार देवळालीकरांनी 1927 साली ज्या इंदुरात चित्रशाळा काढली, जिथं बेंद्रे-हुसेनसारखे चित्रकार शिकले, तिथं भिंत छापून आणायची?

जेलरोडकर:
तो कुणीतरी मीच. हुसेन पुढं मुंबईत सिनेमाची होर्डिंगं करत होते, म्हणजे त्या काळचा फ्लेक्सच की! तुमच्या वेळी ब्रश धरायला दहा पोरं यायची. गेल्या वर्षी आम्ही नवरा-बायको दोघंच. रात्री एकला ओला फ्लॅट टेम्पोत चढवला. सकाळी रंग माझ्या शर्टावर, भिंत कोरी.

निळी विंग:
होर्डिंगं ते हातानं रंगवत, मुद्दा तोच आहे. आणि रंग शर्टावर आला, कारण सरस पातळ झाला असणार.

कढईवाली:
सरसाचं नाव काढू नका. बाबांनी एकदा घरच्या शेगडीवर सरस वितळवला. हाडाकातड्याचा तो, सोवळ्यातलं घर! आजीनं पातेलं फेकलंच, वर बाबांना आठ दिवस ओसरीवर जेवायला वाढलं. आम्ही मैद्याची खळ लावतो.

निळी विंग:
म्हणजे उंदरांना मेजवानी. आमच्या नाटकातला कापडी वाडा उंदरांनी खाल्ला होता. दुसऱ्या प्रयोगाला देवघराच्या भोकातून प्रॉम्प्टर दिसत होता. टाळ्या त्यालाच पडल्या.

कढईवाली:
खळीत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाकायचा असतो. बाइंडिंगवाल्याला विचारा.

निळी विंग:
मोरचूद विष आहे ताई. पोरं त्याच हातानं पोहे-जिलेबी खातात.

कढईवाली:
मग पोरांना हात धुवायला शिकवा. मी तीस वर्षं खळ करतेय, तुम्ही किती?

निळी विंग:
वय काढलंत म्हणजे मुद्दे संपले.

जेलरोडकर:
फ्लेक्सला उंदीर तोंड लावत नाही. नोंद घ्यावी.

पुण्याहून:
मुळात भिंत हवीच कशाला? काळे पडदे, दोन लेव्हल म्हणजे चौथरे, एक चौकट. बाकीचं घर प्रेक्षक मनात बांधतात.

खिळेमोळे:
ते तुमच्याकडं, रोज प्रयोग बघणाऱ्यांत. आमच्याकडं मावशी वर्षातून एकदा नटूनथटून रवींद्र नाट्यगृहात येतात. जावई रागावून गेला तर दार आपटलेलं ऐकू यायला हवं. मनातलं दार आपटत नाही. आणि मागं ब्रेस, म्हणजे भिंतीचा टेकू, नीट नसला की खरं दारसुद्धा भिंतीसकट आपटतं, तेही मी भोगलंय. सासरा खाली सापडला होता.

जेलरोडकर:
आणि म्हणे फ्लेक्स डुलतो!

खिळेमोळे:
बरं, एक देतो. खिडकीबाहेरची झाडं फ्लेक्सवर चालतील. दूर टांगा, त्यावर थेट दिवा नको. भिंती मात्र कापडाच्याच.

जेलरोडकर:
केवढे उपकार! मग या रविवारी मांजरपाट ताणायला येताय ना? ब्रश मी आणतो.

खिळेमोळे:
रविवारी उज्जैनला लग्न आहे.

कढईवाली:
मी येते. खळ घेऊन.

निळी विंग:
मोरचुदासकट असेल तर मी नाही.