मदत हवी आहे: नितळ पाण्यात ब्राउन ट्राउट मासा फ्लायपाशी (गळावर पिसं-दोरा बांधून केलेल्या नकली किड्यापाशी) येऊन परत फिरतो

नदी तीर्थन, हिमाचल. ९ फुटी ४ वेट (हलक्या लाइनचा) रॉड, फ्लोटिंग लाइन, ९ फुटी ५एक्स लीडर (लाइन आणि फ्लाय जोडणारा पारदर्शक दोरा; एक्सचा आकडा मोठा तितका दोरा बारीक), १६ नंबरची, पाण्यावर तरंगणारी पॅराशूट अ‍ॅडम्स. मासा पलीकडच्या काठाला, दगडामागच्या संथ पाण्यात. मध्ये जोराची धार. धारेत लाइनला पोक येतो, दोनेक सेकंदांत फ्लाय ओढली जाते आणि तिच्यामागे बारीक रेघ उमटते. तेवढी रेघ दिसली की ट्राउट वळलाच! मेंड केलं (पाण्यावरची लाइन उचलून धारेच्या वरच्या बाजूला टाकली) तर फ्लायच हलते. खालच्या अंगाला डोह खोल, त्यामुळे मागून जाता येत नाही.

आता रीच कास्ट (फेकतानाच रॉड धारेच्या वरच्या बाजूला कलवून लाइन तिकडे टाकणं) करावा, की पुढे ३ फूट ६एक्स टिपेट (लीडरच्या टोकाचा बारीक दोरा) जोडावं? लांब टिपेट वाऱ्यात गुंडाळतं, हीच धास्ती. की फ्लायखाली दीड फुटावर फेझंट टेल निम्फ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) बांधून बघावी? गाठ ओली करूनच आवळतो, तिथे गडबड नाही.