नव्या इमारतीत झाडं बाल्कनीत लावावीत की जमिनीत? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीची जुनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आहे. नकाशे अजून कच्चे आहेत, बदल सुचवायला वाव आहे, म्हणून आत्ताच विचारते. आर्किटेक्टनी दाखवलेल्या चित्रात प्रत्येक बाल्कनीत चांगली उंच झाडं आहेत आणि सगळे सभासद त्यावर खूश आहेत. इमारत हिरवी असावी असं मलाही मनापासून वाटतं. पण ही झाडं वीस वर्षांनंतरही तिथे हवीत, आणि त्यासाठी काय पाहायला हवं ते जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे.

चर्चेत सारखं मिलानच्या 'बॉस्को व्हर्टिकाले'चं नाव निघतं. स्टेफानो बोएरी यांनी आखलेले हे दोन टॉवर २०१४ मध्ये पूर्ण झाले आणि त्यांच्यावर ८०० च्या आसपास झाडं आहेत. पण तिथे झाडं आधी रोपवाटिकेत मुद्दाम वाढवून घेतली होती, वाऱ्याच्या चाचण्या केल्या होत्या, झाडं पोलादी केबलने बांधली आहेत, आणि छाटणीसाठी गिर्यारोहकांसारखे दोरावरून उतरणारे माळी येतात. पाणी आणि छाटणी सामाईक आहे, घरमालकाच्या सवडीवर सोडलेली नाही. चित्र दाखवताना हे कुणी सांगत नाही. उलट उदाहरण चीनमधल्या छंगदू शहरातलं. तिथला ८२६ घरांचा असाच प्रकल्प २०१८ मध्ये बांधून झाला, पण २०२० मधल्या बातम्यांनुसार मोजकीच कुटुंबं राहायला आली होती. बाल्कन्या झाडोऱ्याने बुजून गेल्या होत्या आणि रहिवासी डासांना वैतागले होते.

माझी मुख्य काळजी वजनाची आहे. ओली माती घनमीटरला साधारण दीड ते दोन टन भरते. म्हणजे ६० सेंटिमीटर खोलीच्या वाफ्यात दर चौरस मीटरला साधारण एक टन. माणसांच्या वावरासाठी बाल्कनीवर जो भार धरतात, त्याच्या हे काही पट आहे. त्यातही चित्रात वाफे बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला आहेत, जिथला भार कॅन्टिलिव्हर (एकाच बाजूने आधार असलेल्या) स्लॅबला सगळ्यात जड जातो. झाड मोठं झाल्यावर वाऱ्याचा रेटा वेगळाच. हे सगळं पेलायचं तर काँक्रीट आणि सळई वाढणार. सिमेंट तयार होतानाच भरपूर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मग हिरवाईसाठी जास्तीचं काँक्रीट ओतणं कितपत योग्य?

मला सुचलेला पर्याय असा. नकाशात तळघरातलं पार्किंग प्लॉटच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलंय. ते एका बाजूने आखडतं घेऊन तेवढा पट्टा खाली काहीही न बांधता मोकळा ठेवायचा आणि मोठी झाडं तिथे लावायची. मुळांना खरी जमीन मिळेल, पावसाचं पाणीही मुरेल. गच्चीवर १० ते १५ सेंटिमीटर हलक्या मिश्रणाचा थर आणि कमी पाण्यावर तगणारी बुटकी झाडं. पश्चिमेच्या भिंतीवर भिंतीपासून थोड्या अंतरावर जाळी लावून वेल चढवायचे, म्हणजे दुपारचं ऊन अडेल. बाल्कनीत ज्याला हौस असेल त्याने कुंड्या ठेवाव्यात. अडचण इतकीच की यात काही गाड्यांची जागा जाते, आणि सभेत तिथेच विषय अडतो.

तर प्रश्न असे. मोठ्या झाडासाठी बिनतळघराचा पट्टा किमान किती रुंद हवा? इमारतीच्या पायापासून किती अंतर राखावं? पार्किंगच्या स्लॅबवर मीटरभर माती टाकून काम भागतं असं एक जण म्हणतात. तशी लावलेली झाडं पुढे कशी वाढली, हे कुणी पाहिलं आहे का?

गच्चीबद्दल: वॉटरप्रूफिंगवर मुळं रोखणारा वेगळा थर टाकायचा आणि माती पडण्याआधी पाणी साठवून गळतीची चाचणी घ्यायची, एवढं वाचलं आहे. पण पुढे गळती झालीच तर सगळी माती उपसावी लागू नये म्हणून काय करतात? भाग पाडून, मध्ये मोकळ्या वाटा ठेवून थर टाकतात का?

न्हाणीघरातलं पाणी गाळून झाडांना द्यायचाही विचार आहे. ते साठवून ठेवलं की लवकर वास मारतं, आणि साबणातल्या सोडियमने माती बिघडते. प्रत्यक्षात अशी व्यवस्था चालवणारं कुणी असेल तर देखभालीला किती वेळ जातो ते जरूर लिहा.

शेवटचं, करारनाम्याबद्दल. झाडं, ठिबकची नळी आणि छाटणी ही सोसायटीची सामाईक जबाबदारी आहे, असं आधीच लिहून घ्यावं असं मला ठामपणे वाटतं. कुणाच्या सोसायटीत असं कलम असेल तर त्याचा मजकूर इथे देता येईल का? पुढच्या सभेत तोच मांडायचा आहे.