दप्तराला किती झोडपणार? पोरांची कंबर भलतीकडेच धरतेय

गोदाकाठचा (धागाकर्ता)
लेकीच्या शाळेत परवा पालकसभा झाली. विषय होता गॅदरिंगच्या वर्गणीचा, पण गाडी घसरली दप्तराच्या ओझ्यावर. नववी-दहावीच्या कितीतरी पोरांची कंबर दुखते, सॅकच त्याला जबाबदार, शाळेने लॉकर द्यावेत, असा ठराव टाळ्या वाजवून पास. मी हात वर केला नाही. त्यावरून घरी जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

ओझं कमी व्हावं याला माझा विरोध नाही. पण कंबरदुखीचं खापर दप्तरावर फोडलं की बाकी सगळे सुटतात, त्याला आहे. २०१८ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये एक मोठा आढावा आला होता. ६९ अभ्यास, ७२ हजारांवर मुलं. दप्तराचं वजन, ते उचलायची पद्धत, सॅकचा प्रकार, यांपैकी कशानेही पाठदुखीचा धोका वाढतो असा पटण्याजोगा पुरावा त्यांना सापडला नाही. वायव्य इंग्लंडात कंबर न दुखणाऱ्या हजारेक शाळकरी मुलांना वर्षभराने पुन्हा विचारलं, तेव्हा कंबर धरलेली मुलं कोणती निघाली? ज्यांचं आधीपासून डोकं दुखायचं, पोट दुखायचं, वागण्यात तक्रारी होत्या ती. दप्तर जड असलेली नव्हेत.

आता आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडकडे बघा. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी टेस्ट सिरीज, रात्री एकपर्यंत मोबाइल. झोप पाच तास. तिथे लॉकर कुठे बसवणार?

सिडकोची आई
दादा, तुमच्या परदेशी आढाव्याने माझ्या मुलाची सॅक हलकी होत नाही. आठवीत आहे, अंगाने बारीक. सॅक पाठीवर चढवताना आधी ती पलंगावर ठेवतो, स्वतः पाठमोरा बसतो, पट्ट्यांत हात घालतो आणि मग पुढे झुकून उठतो. रोज सकाळी बघते मी. संध्याकाळी खांद्यावर पट्ट्यांचे लाल वळ असतात. याला पुरावा म्हणत नसतील तर काय म्हणतात?

आणि सरकारला काही कळत नाही का? २०१८ च्या केंद्राच्या परिपत्रकात आठवी-नववीला साडेचार किलो आणि दहावीला पाच किलोची मर्यादा आहे. २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्के. उगाच लिहिलं असेल का त्यांनी?

निवृत्त मास्तर, पंचवटी
ताई, परिपत्रकांचं आम्हाला विचारा. दप्तर हलकं करण्याचा शासन निर्णय महाराष्ट्रात २०१५ सालीच निघाला. मुख्याध्यापकांनी वजनकाटे आणले, एक दिवस दप्तरं मोजली, अहवाल वर गेला, काटा कपाटात गेला. मग २०२३ मध्ये बालभारतीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली, म्हणजे वेगळ्या वह्या नकोत. मुलं पुस्तकही आणायची आणि वहीही. २०२५ च्या जानेवारीत तो निर्णय शासनानेच मागे घेतला. ओझं तेवढंच राहिलं.

धागाकर्त्याचं एक मात्र खटकलं. इंग्लंडातलं पोर गुळगुळीत रस्त्याने बसपर्यंत जातं. आपलं पोर तीच सॅक घेऊन रिक्षात दाटीवाटीने, नाहीतर सायकलच्या हँडलला अडकवून खड्ड्यांतून. तिकडचे निष्कर्ष जसेच्या तसे इथे कसे लावता?

गोदाकाठचा
मास्तर, मुद्दा रास्त आहे. पण मग खड्ड्यांवर बोला, रिक्षावर बोला. ठरावात तर फक्त लॉकर आहेत.

सिडकोच्या ताई, खांद्यावरचे वळ खरेच आहेत आणि त्यासाठी सॅक हलकी व्हायलाच हवी. पण खांदा रगडला जाणं आणि कंबर महिनोन् महिने दुखणं, या दोन तक्रारी आहेत.

बारावीग्रस्त
काका-काकू, ज्यांच्या कंबरेवर चर्चा चाललीय त्यांपैकी एकाने बोललं तर चालेल का?

सॅक मी क्लासला जाताना दहा मिनिटं पाठीवर घेतो. त्यानंतर तीन-साडेतीन तास बाकावर. बाक असा की पाठ टेकली तर लिहिता येत नाही आणि लिहायचं तर पाठ टेकत नाही. मधे ब्रेक मागितला तर सर म्हणतात, ‘परीक्षेत मिळणारे का ब्रेक?’ घरी आल्यावर पलंगावर आडवं पडून लॅपटॉप. मला दुखतं ते टेस्टच्या आदल्या दिवशी जास्त, सुट्टीत जवळजवळ नाहीच. सॅक दोन्ही दिवशी तीच असते.

सिडकोची आई
बाळा, सुट्टीत सॅक पाठीवर असते का?

बारावीग्रस्त
😅 काकू, पॉइंट तुमचा. पण दिवाळीच्या सुट्टीत क्लास चालूच होता, फक्त टेस्ट नव्हत्या. तेव्हाही कमी होतं.

फिजिओ_नाशिकरोड
मी रोज हेच बघते, म्हणून थोडं लांबण लावते.

सिडकोच्या ताईंच्या बाजूनेही शास्त्र आहे. २०१० मध्ये मुलांना सॅक घालून उभं करून एमआरआय काढले होते. वजन वाढवत नेलं तसे कंबरेच्या मणक्यांमधल्या चकत्या दबल्या, दुखणंही वाढलं. पण मुलं होती फक्त आठ. आणि चकती दबणं म्हणजे ती खराब होणं नव्हे, ती आपण दिवसभर उभं राहिलो तरी दबते आणि रात्री झोपेत पुन्हा फुगते. धागाकर्त्याने सांगितलेल्या आढाव्यातही एक बारकावा होता: सॅक जड ‘वाटते’, उचलायला त्रास होतो, असं सांगणाऱ्या मुलांचं दुखणं एका अभ्यासात जास्त आढळलं. काट्यावरच्या किलोपेक्षा ही तक्रार ऐका.

वयात येताना कंबरदुखी वाढतच जाते. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या मोठ्या अभ्यासात मुलींमध्ये अठराव्या आणि मुलांमध्ये विसाव्या वर्षापर्यंत निम्म्याहून अधिक जणांची कंबर एकदा तरी दुखून गेली होती. मुलींचं प्रमाण जास्त. घरात आईवडिलांना त्रास असेल तर जास्त, सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त, मन खचलेल्यांत जास्त. फिनलंडमध्ये सोळाव्या वर्षी झोप अपुरी असलेल्या मुलींना अठराव्या वर्षी कंबरदुखी अधिक आढळली. बहुतेकांचं आपोआप कमी होतं. म्हणून प्रत्येक पोराला पट्टा बांधायची, डी व्हिटॅमिनच्या पुड्या द्यायची आणि ‘बाकं उचलू नकोस, खेळू नकोस’ म्हणायची गरज नाही. पट्ट्याचं तर सांगूच नका, तीन तीन महिने बांधून येतात.

ढोलवाला
आमच्यावर कोणी घसरायच्या आत मीच येतो. गणपतीच्या आधी महिनाभर पथकाचा सराव असतो, पंधरा-सोळाची पोरंपोरी असतात. ढोल कंबरेला बांधायचा, वजन पुढे, म्हणून तोल सांभाळायला मागे कलून वाजवायचं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची कंबर बोलते. मग बसते सवय. नाशिक ढोल वाजवून कोणी अधू झालेलं मी तरी पाहिलं नाही. उलट वर्षभर मोबाइलला चिकटलेली पोरं महिनाभर हलतात तरी.

फिजिओ_नाशिकरोड
दादा, ढोल वाईट नाहीच. अकरा महिने बसून काढायचे आणि एकदम रोज दोन तास मागे कलून वाजवायचं, हे वाईट. नव्या पोरांना पहिला आठवडा ताशा किंवा झांजा द्या, ढोल हळूहळू वाढवा.

ढोलवाला
ताशा काय कोणालाही देतात का! 😂 झांजा देऊ.

निफाडकर
शहरातल्या मंडळींची चर्चा वाचून करमणूक झाली. आमच्याकडे टोमॅटोचं क्रेट वीस किलोचं. दहावीची पोरं सुट्टीत पिकअप भरतात, पिंपळगावच्या बाजारात खाली करतात. कांद्याच्या गोण्या वेगळ्याच. पेठ-सुरगाण्याकडे जा, उन्हाळ्यात पोरी डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. त्यांच्या कंबरेवर कोणत्या शाळेत ठराव झाला? ओझ्याने काही होत नाही म्हणणाऱ्यांनी एक दिवस येऊन क्रेट उचलावेत.

गोदाकाठचा
निफाडकर, ओझ्याने काही होत नाही असं मी म्हटलेलंच नाही. पाठीवर दहा मिनिटं चार किलो आणि दिवसभर वाकून वीस-वीस किलो, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तुमचा मुद्दा खरं तर माझ्याच बाजूचा. खरं ओझं वाहणारी पोरं ठरावात नाहीत.

निफाडकर
तुमच्या बाजूचा नाही न् त्यांच्याही नाही. आमच्या पोरांना लॉकरही नको न् तुमचा आढावाही नको. क्रेट उचलायला दोन माणसं लावा म्हणावं, मजुरी परवडत नाही म्हणून पोरं लागतात.

क्रिकेटचा बाप
थोडं विषयांतर, पण संबंध आहे. मुलगा १५ चा, उजव्या हाताने फास्ट टाकतो. गोल्फ क्लब मैदानावर रणजीचा सामना पाहिल्यापासून तर डोक्यात दुसरं काही नाही. सकाळी अकॅडमी, संध्याकाळी शाळेचा संघ, रविवारी टेनिस बॉलची स्पर्धा. तीनेक आठवड्यांपासून कंबरेत डावीकडे एका जागी दुखतंय. मागे वाकलं की कळ येते. एक्स-रे साधा आला. कोच म्हणतो कोअर, म्हणजे पोटाकंबरेचे स्नायू, कमजोर आहे, प्लँकचा व्यायाम वाढव. प्लँक वाढवला, बॉलिंग चालूच आहे.

फिजिओ_नाशिकरोड
क्रिकेटचे बाबा, बॉलिंग आजच बंद करा. घाबरवत नाही, पण तुम्ही सांगितलेलं एकेक लक्षण त्या एकाच दिशेला बोट दाखवतं. वाढत्या वयाच्या फास्ट बॉलरमध्ये मणक्याच्या मागच्या बाजूच्या बारीक हाडाला ताणाने चीर जाते, बहुधा कंबरेच्या शेवटच्या मणक्यात. उजव्या हाताच्या बॉलरला ती जास्त करून डावीकडे होते. सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. लवकर कळली तर काही महिने बॉलिंग थांबवून बहुतेकदा भरून येते. दुर्लक्ष केलं तर भरत नाही, क्वचित मणका पुढे सरकतो. बुमराहला पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने २०१९ मध्ये बाहेर बसवलं, २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषकही पाठीमुळेच हुकला. तो तर पूर्ण वाढ झालेला माणूस. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वयानुसार एका स्पेलमध्ये आणि दिवसात किती षटकं टाकायची याची मर्यादा घालून दिलीय. आपल्याकडे अकॅडमी, शाळा आणि रविवारची स्पर्धा यांची बेरीज कोणीच करत नाही.

बाकीच्यांसाठी: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन उतरणं, पायाला मुंग्या किंवा ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं. यातलं काहीही असेल तर माझ्यासारखीकडे नव्हे, आधी डॉक्टरांकडे. शेवटच्या दोन गोष्टी असतील तर त्याच दिवशी. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून दिसतो, आणि ‘दप्तराने दुखत असेल’ म्हणून महिने जातात.

गोदाकाठचा
माझा ठरावाला विरोध होता तो नेमका यासाठी. एकदा दप्तर म्हटलं की पुढे कोणी विचारतच नाही.

सिडकोची आई
ते पटलं. पण लॉकर मी मागणारच. तुमच्या लेकीची सॅक कोण उचलतं रोज, ते एकदा सांगा.

गोदाकाठचा
मीच. गाडीपर्यंत.

निवृत्त मास्तर, पंचवटी
मग तुमच्या कंबरेचा आढावा घ्या कोणीतरी.

क्रिकेटचा बाप
फिजिओ मॅडम, सोमवारची हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. पण रविवारी सेमीफायनल आहे. दोनच ओव्हर टाकतो म्हणतोय.

फिजिओ_नाशिकरोड
एकही नाही. हवं तर स्कोअर लिहायला बसवा.