सर्वांसाठी प्रार्थना-बाग करतोय, झाडं आणि फरशी सुचवा!

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

पुण्यात आमच्या सोसायटीच्या मागे मोकळी जागा आहे. तिथे सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी प्रार्थनेची छोटी बाग करायचं ठरलंय. मूर्ती नाही, फोटो नाही, लाउडस्पीकर तर अजिबात नाही. सेवाग्राम आश्रमात उघड्या मैदानावर सर्वधर्म प्रार्थना होते, तसंच काहीसं डोक्यात आहे.

घोडं अडलंय झाडांपाशी. ज्येष्ठांना पिंपळ हवाय, पण कंपाउंडची भिंत लागूनच आहे आणि पिंपळाची मुळं भिंत फोडल्याशिवाय राहत नाहीत. मला बकुळ आवडेल. बारमाही हिरवी, दाट सावली, खाली फुलांचा सडा. फक्त वाढते फार हळू. तोवर सावलीचं काय करावं?

दुसरं म्हणजे, नमाजासाठी पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे तोंड करून बसता येईल अशी सपाट जागा ठेवतोय. शहाबादी फरशी उन्हात चटके देते, हिरवळीला पाणी कुठून आणू? इथे उन्हाळ्यात टँकर लागतो.

हातपाय धुवायला आणि वजूसाठी (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं) एकच नळ ठेवणार आहोत. ते पाणी झाडांच्या आळ्यांत कुणी वळवलंय का? उतार किती ठेवलात?