विधेयक मांडलं, पण चर्चाच नाही?

प्रश्न: आमच्या संघटनेच्या प्रतिनिधी सभेत मी वर्गणीबद्दल विधेयक मांडलं. सभापती म्हणाले, "पहिलं वाचन झालं," आणि थेट पुढचा विषय! असं कसं?

उत्तर: बरोबरच आहे. पहिल्या वाचनात विधेयक फक्त दाखल होतं. तत्त्वावर वाद दुसऱ्या वाचनात, मग समिती कलमांचा कीस काढते. दुरुस्त्यांवर मतदान आधी, मूळ कलमावर नंतर. हा क्रम मोडू देऊ नका, सगळी चलाखी तिथेच चालते.

दुसरे सदस्य: गणपूर्तीही (सभा चालवायला लागणारी किमान हजेरी) मोजायला लावा. आमच्याकडे मधल्या सुट्टीनंतर बाकं रिकामी.

प्रश्नकर्ता: आणि समसमान मतं पडली तर?

उत्तर: नियमावली बघा. बऱ्याच ठिकाणी सभापतींचं निर्णायक मत असतं. ब्रिटिश संसदेत स्पीकर डेनिसन यांचा १८६७चा दंडक पाळतात: चर्चा पुढे चालू राहील असं मत द्यायचं, पण बहुमत नसताना अंतिम बदल होऊ द्यायचा नाही.