महाविद्यालयातील तांत्रिक नोकरी सांभाळून माहितीपटाचे काम कसे पुढे न्यावे?

प्रश्न : माणदेशी

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मी नऊ वर्षांपासून तांत्रिक साहाय्यक आहे. दोन प्रयोगशाळांतील ६० संगणक, वर्गांतील प्रोजेक्टर, वायफाय आणि परीक्षेच्या दिवशी ऑनलाइन येणाऱ्या प्रश्नपत्रिका वेळेत उतरवून छापून देणे ही माझी नेमून दिलेली कामे. २०२० साली टाळेबंदीत व्याख्यानांचे चित्रीकरण माझ्याकडे आले आणि वर्ग पुन्हा भरू लागल्यावरही ते माझ्याकडेच राहिले. आज विभागांच्या कार्यक्रमांच्या चित्रफिती, प्रवेशाच्या वेळची जाहिरात आणि स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण हे सारे मीच करतो.

ही कामे मला आवडतात. अडचण वेगळी आहे. गेल्या वर्षी इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांसह माण आणि खटाव तालुक्यांत हिंडून आम्ही १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या ११ वृद्धांच्या मुलाखती घेतल्या. खडी फोडायला गेलेली घरेच्या घरे, दुष्काळी कामावर वाटली जाणारी सुकडी म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, परदेशातून आलेल्या मिलो या तांबड्या ज्वारीच्या भाकरी यांविषयी ही मंडळी इतक्या बारकाव्याने बोलली, की तसे मी आजवर कुठे वाचलेले नाही. याचाच माहितीपट करायचा आहे. एकूण १४ तासांचे चित्रण आहे. काही कॅमेऱ्यावर, काही फोनवर. प्राचार्यांची तोंडी संमती आहे, पण माझ्या कामाच्या यादीत या माहितीपटाचा उल्लेख नाही.

संकलनाला बसावे तर दहा मिनिटांत एखाद्या वर्गातून फोन येतो, आणि परत येईपर्यंत कोणते वाक्य कशाला जोडायचे होते तो धागाच हातून सुटलेला असतो. रात्री घरी करून पाहिले. दोन महिन्यांत सहा मिनिटे जुळली, पण दिवसाच्या कामात चुका होऊ लागल्या आणि एकदा प्रयोगशाळेचा बॅकअप घ्यायचाच राहून गेला. मुलाखत दिलेल्या एका आजींचे गेल्या महिन्यात निधन झाले. उरलेल्या दहा जणांना तरी हे काम पाहायला मिळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. अशाच नोकरीत असलेल्यांनी हे कसे जमवले, ते कृपया सांगावे.

उत्तर : संकलक, पुणे

सर, विद्यापीठाच्या एका शैक्षणिक माध्यम केंद्रात मी बरीच वर्षे संकलन केले, त्या अनुभवावरून लिहीत आहे. आपण संकलनाला एक काम समजत आहात, प्रत्यक्षात ती दोन कामे आहेत : निवडणे आणि जोडणे. जोडण्याच्या कामाला सलग वेळ लागतो, कारण आवाज, चित्र आणि लय ही तिन्ही एकाच वेळी डोक्यात धरावी लागतात. निवडण्याच्या कामाला मात्र संगणकही लागत नाही. मुलाखती शब्दशः उतरवून घ्याव्यात, प्रत्येक परिच्छेदापुढे चित्रणातील वेळ लिहावी, कागद छापावेत आणि पेन्सिलीने खुणा कराव्यात. नंतर निवडलेले तुकडे कात्रीने कापून टेबलावर मांडावेत आणि क्रम लागेपर्यंत हलवत राहावे. मध्येच फोन आला तर कागद जिथे ठेवला तिथेच राहतो आणि परतल्यावर काही शोधावे लागत नाही. आपल्या दिवसात जे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पडतात, ते नेमके या कामाच्या मापाचे आहेत.

एका तासाची मुलाखत उतरवायला सवयीच्या माणसालाही चार-पाच तास लागतात, म्हणजे आपल्याकडे साठ-सत्तर तासांचे लेखन आहे. ते आपण स्वतः करू नये. मुलाखती घेणाऱ्या विद्यार्थ्यांनीच ते करावे, कारण कोणत्या शब्दावर आजोबा थांबले आणि कुठे त्यांचा आवाज बदलला हे त्यांनी समोर बसून पाहिले आहे. यंत्राकडून लेखन करून घेतल्यास बोलीतील शब्द बिघडतात आणि या कामाचा जीव तर बोलीतच आहे.

फोनवरच्या चित्रणाबाबत एक सावधगिरी सांगतो. फोन बहुधा बदलत्या फ्रेम-दराने चित्रण करतात, म्हणजे सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या कमी-जास्त होत राहते, त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटत जातात. संकलनापूर्वी हँडब्रेकसारख्या मोफत प्रणालीतून त्या फाइल स्थिर दराच्या करून घ्याव्यात, आणि ते रूपांतर रात्री लावून ठेवावे.

शेवटची विनंती म्हणजे पाऊण तासाचा माहितीपट आधी डोळ्यांपुढे आणू नका. सुकडी आणि मिलो, म्हणजे दुष्काळातले अन्न, एवढ्याच विषयावर आठ मिनिटांचा भाग आधी पूर्ण करा आणि गावात जाऊन दाखवा. तो पाहून पुढच्या भागाला सामग्री देणारी माणसे आपणहून पुढे येतील.

उत्तर : प्रणाली व्यवस्थापक, नागपूर

कागदावरच्या निवडीची सूचना मला पटते, परंतु मूळ दुखणे वेळेचे आहे असे मला वाटत नाही. ज्या कामाची कार्यालयात नोंद नाही, त्याचा वेळ कोणीही घेऊ शकतो, आणि घेणाऱ्याला आपण काही घेतले आहे हे कळतही नाही. म्हणून आधी एक नोंदवही करा आणि तीन आठवडे प्रत्येक फोन तीत लिहा : वेळ, वर्ग, बिघाड, लागलेली मिनिटे. माझ्या अभियांत्रिकी महाविद्यालयात असे केले तेव्हा निम्म्याहून अधिक फोन दोनच कारणांसाठी येत असल्याचे दिसले : प्रोजेक्टरची केबल आणि चुकीच्या ठिकाणी जाणारा आवाज. प्रत्येक वर्गातील टेबलावर चित्रांसह एक पान चिकटवले, खणात एक जादा केबल ठेवली, आणि माझ्या दुपारी बऱ्याच मोकळ्या झाल्या.

ती वही घेऊन प्राचार्यांकडे जा आणि आठवड्यातील दोन दुपारी माहितीपटासाठी लेखी मागा. त्या वेळेत प्रयोगशाळा परिचर फोन घेतील, हेही त्याच कागदावर असू द्या. परीक्षा आणि प्रवेशाचे आठवडे आपण होऊन वगळा. त्या दिवसांत आपली जागा छपाई यंत्राजवळच आहे, आणि हे आपणच मान्य केले तर उरलेल्या दिवसांची मागणी वजनदार होते.

कार्यक्रमांच्या चित्रफितींनाही मर्यादा घाला. आठ दिवस आधी मागणी, दोन मिनिटांपर्यंत लांबी आणि दुरुस्ती एकदाच. रात्रीच्या कामाला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. बॅकअप राहिला तो दिवस सुदैवाने निभावला. त्याच दिवशी डिस्क बिघडली असती तर माहितीपटाला कायमची मनाई झाली असती.

उत्तर : ग्रंथपाल, कोल्हापूर

दोन्ही उत्तरांत एक बाब राहिली आहे, ती नंतर त्रास देते म्हणून आत्ताच सांगते. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. माहितीपटाला कामाच्या यादीत आणताना त्याची मालकीही संस्थेकडे जाऊ शकते. मला ते वावगे वाटत नाही, पण श्रेयनामावलीत कोणाची नावे असतील, महोत्सवाला पाठवण्याचा निर्णय कोण घेईल आणि मूळ चित्रण कोणाकडे राहील, हे तीन मुद्दे त्याच लेखी आदेशात यावेत.

मुलाखती देणाऱ्यांची संमतीही मराठीत, मोठ्या अक्षरांत, वाचून दाखवून घ्यावी. ज्या आजी गेल्या त्यांच्या घरच्यांना भेटून विचारावे आणि त्यांची पूर्ण मुलाखत एका पेन ड्राइव्हवर त्यांना द्यावी. ती त्यांच्या घरातली वस्तू आहे.

चित्रणाच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांपैकी एक महाविद्यालयाच्या इमारतीबाहेर. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने तासाभराचे चित्रण सुमारे २२.५ जीबी होते, म्हणजे १४ तासांचे ३१५ जीबीच्या आसपास. एक टीबीच्या डिस्कवर ते सहज मावते, त्यामुळे जागा नव्हती हे कारण पुढे कोणाला सांगावे लागू नये.

माणदेशी

आपणा सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे. नोंदवहीत ७४ फोन भरले, त्यांतले ४१ केबल आणि आवाजाचे निघाले. वर्गांत चित्रांची पाने लावली आहेत. प्राचार्यांनी दोन नव्हे, बुधवारची एकच दुपार दिली, पण लेखी दिली, आणि ग्रंथपाल मॅडमनी सुचवलेले तिन्ही मुद्दे त्यात घेतले.

विद्यार्थ्यांनी चार मुलाखती उतरवल्या आहेत. कागद टेबलावर मांडल्यावर एक गोष्ट प्रथमच लक्षात आली : चार वेगळ्या गावांतल्या चौघांनीही सुकडीची आठवण सांगताना स्वतः खाल्ल्याचे सांगितलेले नाही, घरी लहान भावंडांसाठी पदरात किंवा धोतराच्या सोग्यात बांधून नेल्याचे सांगितले आहे. आठ मिनिटांचा भाग तिथूनच सुरू करत आहे.